विश्लेषण : दुष्काळाने अनाथ झालेली मुलगी हजारो मुलींची आई कशी झाली? पंडिता रमाबाईंच्या श्रद्धेची गोष्ट

५ एप्रिल हा पंडिता रमाबाईंचा स्मृतिदिन. १९२२ मध्ये याच दिवशी पुणे जिल्ह्यातील केडगाव येथे त्यांचे निधन झाले. संस्कृतच्या पंडिता, विधवांसाठी शारदासदन काढणाऱ्या आणि ख्रिस्ती धर्म स्वीकारणाऱ्या समाजसुधारक म्हणून शाळेच्या पुस्तकातून त्यांची ओळख होते. मात्र या ओळखीच्या मागे उपासमारीची एक मोठी कहाणी आहे. १८७४ ते १८८२ या आठ वर्षांत वडील, आई, बहीण, भाऊ आणि पती अशी पाच माणसे त्यांनी गमावली. तरीही १९०७ मध्ये आपल्या आयुष्याची साक्ष लिहिताना त्यांनी तिच्या नावातच कधीही न संपणाऱ्या ठेव्याचा उल्लेख केला. सगळे गमावलेल्या बाईला हा ठेवा सापडला कुठे? जाणून घेऊया.

मराठवाड्यातील वाचकासाठी ही गोष्ट जवळची का?

तीर्थपुरी, घनसावंगी, अंबड या पट्ट्यात दुष्काळ म्हणजे काय ते कुणाला समजावून सांगावे लागत नाही. १९७२ च्या दुष्काळातील खडी फोडण्याची कामे, सुकडी आणि कोरड्या विहिरी आजही जुन्या माणसांच्या बोलण्यात येतात. पाऊस गेला की आधी जनावरे जातात, मग दागिने, मग गाव सुटते. रमाबाईंच्या घरी हाच क्रम घडला. फरक एवढाच की तेव्हा त्यांच्यापर्यंत कुणाचीही मदत पोहोचली नाही.

दुष्काळात देव आठवतो तसा देवाचा रागही येतो. अशा वेळी श्रद्धा टिकते कशी, हा प्रश्न कोणत्याही धर्माच्या माणसाला पडतो. रमाबाईंचे आयुष्य हे त्या प्रश्नाचे एका बाईने दिलेले उत्तर आहे.

रमाबाईंचे बालपण कसे गेले?

रमाबाईंचा जन्म २३ एप्रिल १८५८ रोजी कर्नाटकातील पश्चिम घाटात, गंगामूळच्या रानातील आश्रमात झाला. वडील अनंतशास्त्री डोंगरे हे मोठे विद्वान होते. स्त्रियांना संस्कृत शिकवणे हे त्या काळी पाप मानले जाई. तरीही अनंतशास्त्रींनी पत्नी लक्ष्मीबाईंना संस्कृत शिकवले. यामुळे विरोध झाला, तेव्हा त्यांनी धर्मपंडितांपुढे जाऊन शास्त्रांच्या आधारे आपली बाजू मांडली.

आश्रमात येणारे विद्यार्थी आणि यात्रेकरू यांचा खर्च अनंतशास्त्री स्वतः करत. त्यात पैसा संपला आणि कुटुंबाला आश्रम सोडावा लागला. तेव्हा रमाबाई अवघ्या काही महिन्यांच्या होत्या. वेताच्या टोपलीत घालून, ओझेवाल्याच्या डोक्यावरून त्यांचा प्रवास सुरू झाला. पुढची अनेक वर्षे हे कुटुंब एका तीर्थक्षेत्रावरून दुसऱ्या तीर्थक्षेत्रावर फिरत राहिले. देवळात किंवा नदीकाठी पुराण सांगायचे आणि मिळेल त्या दक्षिणेवर आणि शिध्यावर गुजराण करायची, असा हा संसार होता. या भटकंतीतच आईने रमाबाईंना शिकवले. पंधरा-सोळा वर्षांच्या वयात भागवताचे हजारो श्लोक त्यांना तोंडपाठ होते.

दुष्काळात नेमके काय घडले?

१८७४ च्या सुमारास हे कुटुंब मद्रास इलाख्यात होते. तिथे दुष्काळ पडला. पुराण ऐकायला लोक येईनात, दक्षिणा बंद झाली. होती ती भांडी आणि दागिने विकून झाले. अंगमेहनतीचे काम करण्याची सवय नव्हती आणि भीक मागायची लाज होती. शास्त्रे म्हणतात तसे व्रत, दान आणि जप केला तर देव नक्की धावून येईल, या भरवशावर त्यांनी उरलेले पैसेही धर्मकार्यात घातले.

अखेर तिरुपतीच्या बाजूच्या डोंगराळ रानात अकरा दिवस त्यांनी झाडपाल्यावर आणि पाण्यावर काढले. वडिलांची दृष्टी गेली होती. कुणावर भार होऊन जगण्यापेक्षा पवित्र तळ्यात जलसमाधी घ्यावी, असे त्यांनी ठरवले. त्यांनी धाकट्या रमाला जवळ घेतले, सन्मार्ग सोडू नकोस आणि आयुष्यभर देवाची सेवा कर, असा निरोप दिला. तेव्हा भाऊ श्रीनिवास पुढे आला. आपण मजुरी करू, पण असे मरायचे नाही, असे तो म्हणाला. कुटुंब डोंगर उतरले, पण उशीर झाला होता. थोड्याच दिवसांत वडील गेले.

काही आठवड्यांत आईही अंथरुणाला खिळली. आईसाठी भाकरीचा तुकडा मागायला रमाबाई एका दारात गेल्या, पण तोंडातून शब्द फुटेना. घरातल्या बाईने ओळखून भाकरी दिली. मात्र आईला ती खाता आली नाही. आई गेली तेव्हा तिरडीला खांदा द्यायला माणसे मिळेनात. दोन ब्राह्मण कसेबसे तयार झाले, तिसरा श्रीनिवास, आणि चौथ्या बाजूला रमाबाई. उंची कमी असल्याने त्यांनी तिरडीचा भार डोक्यावर घेतला. स्मशान जवळपास तीन मैल दूर होते. पुढे बहीण कृष्णाबाईही वारली.

देवावरचा विश्वास उडाला होता का?

विश्वास डळमळला होता, हे खरे. उरलेली दोन भावंडे पायीच निघाली आणि दक्षिणेपासून काश्मीरपर्यंत हजारो मैल चालली. कधी मूठभर फुटाण्यांवर दिवस जाई. पंजाबात झेलम नदीच्या काठी थंडीपासून वाचण्यासाठी त्यांनी वाळूत खड्डे खणले, त्यात झोपून डोक्याखेरीज सारे अंग वाळूने झाकून घेतले. मूर्तींपुढे केलेल्या नवसांचा आणि व्रतांचा उपयोग झाला नाही, ही जाणीव त्यांना आतून पोखरत होती.

याच वाटेवर त्यांना आणखी काही दिसले. गावोगावच्या बालविधवा, नवऱ्याने टाकलेल्या बायका आणि अक्षरओळख नसलेल्या मुली त्यांना भेटत होत्या. आपल्याजवळ आईने दिलेली विद्या आहे, यांच्याजवळ तेवढेही नाही, हे त्यांना उमगले. आईबद्दलची ही कृतज्ञता त्यांनी जन्मभर जपली. १८८७ मध्ये अमेरिकेत प्रसिद्ध झालेले उच्चवर्णीय हिंदू स्त्रीच्या स्थितीवरचे आपले इंग्रजी पुस्तक त्यांनी आईच्याच स्मृतीला अर्पण केले.

पंडिता ही पदवी त्यांना कुणी दिली?

१८७८ मध्ये ही भावंडे कलकत्त्याला पोहोचली. वीस वर्षांची मुलगी अस्खलित संस्कृत बोलते, हे पाहून तिथले विद्वान थक्क झाले. परीक्षा घेऊन त्यांनी तिला पंडिता आणि सरस्वती या पदव्या दिल्या. आता मान होता, सभा होत्या. पण १८८० मध्ये ढाका येथे श्रीनिवास वारला आणि रमाबाई अगदी एकट्या पडल्या.

त्याच वर्षी त्यांनी बंगाली वकील बिपिन बिहारी मेधावी यांच्याशी नोंदणी पद्धतीने लग्न केले. हा आंतरजातीय आणि आंतरप्रांतीय विवाह होता. आसामातील सिल्चर येथे त्यांचा संसार सुरू झाला. १६ एप्रिल १८८१ रोजी मुलगी झाली, तिचे नाव मनोरमा. तिचा पहिला वाढदिवसही झाला नव्हता, तोच ४ फेब्रुवारी १८८२ रोजी पटकीने पतीचे निधन झाले. तेविसाव्या वर्षी रमाबाई विधवा झाल्या.

ख्रिस्ती धर्माकडे त्या कशा वळल्या?

सिल्चरच्या घरी पतीच्या पुस्तकांत त्यांना लूककृत शुभवर्तमानाची बंगाली प्रत सापडली होती. तेव्हापासून या धर्माविषयी कुतूहल होते. पतीच्या निधनानंतर त्या पुण्यात आल्या. १८८२ मध्ये त्यांनी आर्य महिला समाज स्थापन केला आणि हंटर आयोगापुढे साक्ष देऊन स्त्रीशिक्षिका आणि स्त्री डॉक्टरांची गरज मांडली. ‘स्त्रीधर्मनीति’ या पुस्तकाच्या विक्रीतून आलेल्या पैशावर त्या १८८३ मध्ये इंग्लंडला गेल्या. इच्छा डॉक्टर होण्याची होती. पण ऐकू कमी येऊ लागले होते, त्यामुळे तो मार्ग बंद झाला.

इंग्लंडमध्ये वाँटेज येथील जोगिणींच्या मठात त्या राहत होत्या. तिथल्या भगिनींनी त्यांना लंडनमधील एक आश्रम दाखवला. समाजाने वाईट ठरवून बाहेर टाकलेल्या स्त्रियांना तिथे प्रेमाने सांभाळले जात होते. असे काम कुणाच्या आज्ञेवरून केले जाते, असे त्यांनी विचारले. तेव्हा योहानाच्या शुभवर्तमानातील शोमरोनी स्त्रीची गोष्ट त्यांना वाचायला मिळाली. लोकांनी हिणवलेल्या एका बाईशी येशू विहिरीवर सहज बोलतो आणि तिला पाणी मागतो, ही ती गोष्ट. जिला कुणी तिरडी उचलायलाही मिळत नव्हते, तिच्या मनाला ही गोष्ट भिडली. संस्कृत पंडित असूनही आधी ख्रिस्ती झालेले नेहेम्या गोऱ्हे यांच्या पत्रांनीही त्यांच्या शंका दूर केल्या. २९ सप्टेंबर १८८३ रोजी रमाबाई आणि मनोरमा यांचा बाप्तिस्मा झाला.

धर्मांतरानंतर सगळे सोपे झाले का?

अजिबात नाही. पुण्यातील वृत्तपत्रांनी टीकेची झोड उठवली. दुसरीकडे चर्चमधील वरिष्ठांशीही त्यांचे पटत नव्हते. सांगितले ते डोळे मिटून मानायचे, हे त्यांना जमणारे नव्हते. त्यांनी शाकाहार सोडला नाही, साडी सोडली नाही आणि धर्मतत्त्वांवर इंग्लंडमधील आपल्या मार्गदर्शक भगिनींशी पत्रांतून वाद घातले. क्रुसावर लॅटिन अक्षरांऐवजी संस्कृत अक्षरे का नकोत, असेही त्यांनी विचारले. एका धर्मातील पुरुषी अधिकार नाकारून दुसऱ्या धर्मातील अधिकारापुढे मान तुकवायची त्यांची तयारी नव्हती.

मनाची शांतीही लगेच मिळाली नाही. बाप्तिस्म्यानंतर तब्बल आठ वर्षांनी, १८९१ च्या सुमारास, त्यांना जाणवले की आपल्याला ख्रिस्ती धर्म मिळाला, पण ख्रिस्त मिळायचा राहिला. आपण काही करून देवाला प्रसन्न करायचे नाही, त्याने आधीच आपल्यावर प्रेम केले आहे, हे त्यांना तेव्हा खऱ्या अर्थाने पटले. लहानपणी व्रतांच्या बदल्यात देवाची मदत मागताना घर उद्ध्वस्त झालेल्या मुलीसाठी हे सर्वांत मोठे हलकेपण होते.

शारदासदनाचा वाद काय होता?

१८८६ मध्ये रमाबाई आनंदीबाई जोशी यांच्या पदवीदान समारंभासाठी अमेरिकेला गेल्या. तिथे भाषणे देऊन आणि पुस्तक लिहून त्यांनी विधवांच्या शाळेसाठी मदत उभी केली. ११ मार्च १८८९ रोजी मुंबईत शारदासदन सुरू झाले आणि पुढच्या वर्षी ते पुण्यात आले. पुढे धोंडो केशव कर्वे यांच्याशी विवाह केलेल्या गोदूबाई, म्हणजेच आनंदीबाई कर्वे, याच शाळेच्या सुरुवातीच्या विद्यार्थिनी.

शाळा धर्माच्या बाबतीत तटस्थ राहील, असे ठरले होते. रमाबाई आपल्या खोलीत दार उघडे ठेवून प्रार्थना करत आणि काही मुली तिथे येऊन बसत. मुलींना ख्रिस्ती केले जात आहे, असा आरोप झाला. ‘केसरी’ने कडक टीका केली. १८९३ मध्ये न्यायमूर्ती रानडे, डॉ. भांडारकर यांच्यासारख्या हितचिंतकांनी सल्लागार मंडळाचे राजीनामे दिले आणि अनेक पालकांनी मुली काढून नेल्या. टीकाकारांना हा विश्वासघात वाटत होता. मुलींना स्वतःच्या मनाप्रमाणे वागू द्यायचे की नाही, असा हा प्रश्न आहे, असे रमाबाईंचे म्हणणे होते. या वादाचे पडसाद आजही उमटतात. शाळा मात्र बंद पडली नाही.

दुसऱ्या दुष्काळात रमाबाईंनी काय केले?

१८९६ मध्ये मध्य प्रांतात भीषण दुष्काळ पडल्याची बातमी आली. रमाबाईंना बावीस वर्षांपूर्वीचे रान आठवले. भुकेलेल्या मुलीचे काय होते, तिला कोण कुठे नेते, हे त्यांना कुणी सांगायची गरज नव्हती. हातात पुरेसा पैसा नसताना त्या स्वतः दुष्काळी भागात गेल्या. छावण्यांमधील हाल पाहिले आणि हाडांचा सापळा झालेल्या मुली आणि बालविधवांना सोबत आणले. त्यांची संख्या काही शेकड्यांत गेली.

तेव्हा पुण्यात प्लेग होता, शहरात इतक्या मुली ठेवायला परवानगी मिळेना. केडगाव येथे त्यांनी आधीच शेतजमीन घेतली होती. मुलींना तिथे हलवले. सुरुवातीला राहायला तंबू आणि गवताच्या झोपड्या होत्या. यातून मुक्तिसदन उभे राहिले. (हे केडगाव दौंड तालुक्यातील, पुणे-दौंड रेल्वेमार्गावरचे. अहिल्यानगर शहरालगतचे केडगाव वेगळे.) याच काळात प्लेगच्या इस्पितळातील स्त्रियांच्या हालांबद्दल त्यांनी सरकारवरही उघड टीका केली. पदरी शेकडो मुली असताना सरकारचा रोष पत्करणे सोपे नव्हते.

१८९९-१९०० मध्ये पुन्हा मोठा दुष्काळ आला. गुजरात, राजस्थान, मुंबई इलाखा आणि निजामाच्या राज्यातील आपला मराठवाडाही त्यात होरपळला. गुजरातेतून आणखी मुली आणल्या गेल्या आणि मुक्तिसदनातील माणसांची संख्या दोन हजारांच्या आसपास पोहोचली.

मुक्तिसदनात काम कसे चाले?

नुसते जेवण देऊन भागणार नाही, हे रमाबाई जाणून होत्या. वडिलांकडे विद्या होती, पण हाताला काम नव्हते म्हणून घर मोडले, हा धडा त्या विसरल्या नव्हत्या. त्यामुळे मुक्तिसदनात प्रत्येकीला अक्षरओळख आणि एक तरी काम शिकावे लागे. विणकाम, शिवणकाम, शेती, गाई-म्हशींचे दूध, तेलाचा घाणा, स्वयंपाक, शिक्षिकेचे काम असे अनेक मार्ग होते. छापखाना मुलीच चालवत. खिळे जुळवण्यापासून पुस्तक बांधण्यापर्यंतची कामे त्या करत. अत्याचाराला बळी पडलेल्या स्त्रियांसाठी कृपासदन होते. अंध स्त्रियांसाठी वेगळी सोय होती, त्यांना ब्रेल लिपी शिकवली जाई.

इतक्या माणसांचे रोजचे जेवण हीच मोठी परीक्षा होती. ठरावीक उत्पन्न नव्हते. देणग्यांवर आणि प्रार्थनेवर संस्था चालत होती. उद्याच्या धान्याची खात्री नसताना आजच्या भाकरीबद्दल सगळ्यांनी मिळून देवाचे आभार मानायचे, असा तिथला नेम होता. उपाशी राहिलेल्या मुलींच्या तोंडी हे आभार कोरडे नव्हते.

शेवटच्या वर्षांत काय घडले?

रमाबाईंनी आयुष्याची अखेरची अनेक वर्षे बायबलच्या मराठी भाषांतरासाठी दिली. कमी शिकलेल्या बायकांनाही समजेल अशी सोपी मराठी त्यांना हवी होती. त्यासाठी त्या हिब्रू आणि ग्रीक शिकल्या. छपाई मुक्तिसदनातील स्त्रियांनीच केली. १९१९ मध्ये सरकारने त्यांना कैसर-ए-हिंद पदक दिले.

कामाचा वारसा मनोरमा चालवेल, अशी सगळ्यांची धारणा होती. तिने निजामाच्या राज्यात गुलबर्गा येथे शाळाही सुरू केली होती. पण २४ जुलै १९२१ रोजी, अवघ्या चाळिसाव्या वर्षी, मनोरमा वारली. रक्ताच्या नात्याचे शेवटचे माणूसही गेले. कानांनी जवळजवळ ऐकू येत नव्हते, प्रकृती ढासळली होती. तरीही रमाबाई बायबलची मुद्रिते तपासत राहिल्या. ते काम हातावेगळे करून ५ एप्रिल १९२२ रोजी त्यांनी जगाचा निरोप घेतला. १९८९ मध्ये भारतीय टपाल खात्याने त्यांच्या स्मरणार्थ तिकीट काढले.

जालना जिल्ह्याशी याचा काही संबंध आहे का?

रमाबाईंच्या कामाचे केंद्र केडगाव होते. पण विद्वान ब्राह्मण घरातून ख्रिस्ती होऊन उपेक्षितांत काम करण्याची वाट जालन्याने त्यांच्या आधीच पाहिली होती. १८४३ मध्ये मुंबईत बाप्तिस्मा घेतलेले रेव्हरंड नारायण शेषाद्री यांनी पुढे जालना हे आपले कार्यक्षेत्र केले. निजामाचे दिवाण सालारजंग यांच्याकडून जमीन मिळवून त्यांनी जालन्याजवळ बेथेल ही वसाहत उभारली. गावकुसाबाहेर राहणाऱ्या कुटुंबांना तिथे घर आणि शेती मिळाली.

मग रमाबाईंची कृतज्ञता नेमकी कशाबद्दल होती?

दुष्काळ आला हे बरे झाले, असे रमाबाईंनी कधी म्हटले नाही. आई-वडिलांचा मृत्यू ही देवाची कृपा होती, असेही त्यांनी सांगितले नाही. त्या दुःखाला त्या शेवटपर्यंत दुःखच म्हणत राहिल्या. त्यांची कृतज्ञता होती ती दुःखात मिळालेल्या छोट्या-मोठ्या आधारांबद्दल. आईने शिकवलेली अक्षरे, मरण नाकारून मजुरीला तयार झालेला भाऊ, न मागता भाकरी देणारी अनोळखी बाई आणि आपल्याला टाकून न देणारा ख्रिस्त यांचे ऋण त्या मानत होत्या.

मराठीत कृतज्ञतेसाठी उतराई होणे हा शब्द आहे. केवळ आभार मानून उतराई होता येत नाही, त्यासाठी परतफेड करावी लागते. ज्यांनी दिले ते बहुतेक या जगात नव्हते. म्हणून रमाबाईंनी ते ऋण पुढच्यांना फेडले. रायचूरपासून काश्मीरपर्यंतच्या वाटेवर त्यांना जे मिळाले नाही, ते घर, ती भाकरी आणि ते अक्षर त्यांनी केडगावात इतरांच्या लेकींना दिले. तिथले काम आजही सुरू आहे.